झाडीपट्टीच्या घरात दरबार कसा आला

आमच्या शेजारच्या मावशीनं यंदा राजघराण्यावरची एक मालिका पाहायला घेतली आहे. धान घरात आलं, हात थोडा मोकळा झाला, तेव्हा नातवाला सांगून मोबाइलवर पहिला भाग लावून घेतला. झुंबरं, पैठण्या, सिंहासन सारं नीट पाहिलं आणि म्हणाली, "असा दरबार तं मी मंडईतबी पायला आहे."

तिचं म्हणणं खरं आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, राजे पडद्याच्या कितीतरी आधी येऊन गेले. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आणि रात्री नाटक. ते होळीच्या आसपासपर्यंत गावोगाव चालतं. गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपन्या नेपथ्य, कपडे, कलावंत घेऊन येतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं. राजाचा शेला जुना असला तरी त्याची पल्लेदार वाक्यं शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचली पाहिजेत, ही इथली अट. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचं नाव दूरवर गेलं.

टीव्ही नंतर आला. 1987 च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं आणि रविवारची सकाळ ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या ओसरीवर जाऊ लागली. ती कथा पौराणिक, पण मुकुट आणि राजवाडे दर आठवड्याला पाहायची सवय तिथूनच लागली. मराठीत 2008 साली 'राजा शिवछत्रपती' आली, 2017 साली 'स्वराज्यरक्षक संभाजी'. अमोल कोल्हे पहिलीत शिवाजी महाराज होते, दुसरीत संभाजी महाराज.

या मालिकांतले गडकोट बहुतेक सह्याद्रीतले. जिजाऊंचं माहेर मात्र विदर्भातलं, बुलढाण्यातलं सिंदखेडराजा. हे कळल्यावर मावशी जिजाऊंच्या प्रसंगाला मोबाइल जवळ घेते.

मला मात्र आमच्याच मातीतल्या राजघराण्यांची ओढ जास्त आहे. नागपूर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह. चंद्रपूरची, म्हणजे जुन्या चांद्याची, राणी हिराई, जिनं पती बीरशाहची समाधी बांधली, ती आजही उभी आहे. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले 1853 च्या डिसेंबरात पुत्राविना वारले आणि इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसीनं राज्य खालसा केलं. मग वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, दागिने कलकत्त्याला गेले. दरबार मोडला जाण्याचा तो प्रसंग मला पडद्यावर पाहायचा आहे.

मावशीला मी हिराईची गोष्ट सांगितली. मालिका तशीच थांबवून तिनं विचारलं, "आपल्या चांद्याची राणी? मंग तिचं नाटक कोणं केलं नाई अजून?"