पावसावरच्या जमिनीत कोणते पीक घ्यावे : पेरणीआधीच्या जमीन तपासणीची माहिती

कोल्हापूर जिल्हा म्हटले की नदीकाठचा ऊसच डोळ्यांपुढे येतो. हे माहितीपत्रक मात्र ज्यांचे शेत माळावर किंवा डोंगरउतारावर आहे आणि ज्यांचे पीक केवळ पावसाच्या भरवशावर उभे असते, त्या शेतकरी बंधू-भगिनींसाठी आहे.

‘आमची जमीन चांगली आहे का?’ असे शेतजमिनीची तपासणी करणाऱ्या आम्हाला नेहमी विचारले जाते. कोणत्या पिकासाठी, हे ठरल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. गगनबावडा-राधानगरीकडील जांभ्या खडकाची तांबडी, आम्लधर्मी जमीन नाचणी-वरीला मानवते, पण शाळू (रब्बी ज्वारी) किंवा हरभऱ्याला ती चालत नाही. कारण ही रब्बी पिके खोल काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर येतात. पाऊसही तसाच वेगवेगळा : गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास, तर शिरोळ भागात साधारण ५०० ते ६००.

कोरडवाहू शेतीत आमच्या मते सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे मातीची खोली. प्रयोगशाळेच्या अहवालात नत्र, स्फुरद, पालाश आणि सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा) कळतो. परंतु हा नमुना वरच्या वीतभर थराचा असल्यामुळे खाली काय दडले आहे, ते त्यातून समजत नाही. म्हणून आम्ही शेतात मीटरभर खोल खड्डा घेतो. उताराच्या रानात एक-दीड फुटावरच कुदळ मुरमाला खणखणते, आणि सोयाबीनचे सोटमूळ तिथून आडवे वळलेले स्पष्ट दिसते. अशी ३० सेंटिमीटर हलकी माती पिकाला जेमतेम ३० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. पीक दिवसाला ५ मिलिमीटर पाणी ओढत असेल, तर पावसाने उघडीप दिल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी ते सुकू लागते. मीटरभर खोल काळी जमीन मात्र १५० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाणी धरते, म्हणजे तिथे पावसाने उघडीप दिली तरी पीक महिनाभर तग धरू शकते. हा फरक खताची मात्रा वाढवून भरून निघत नाही.

त्याच खड्ड्यात निचराही कळतो. खालच्या थरात निळसर-राखी डाग असतील, तर तिथे पाणी तुंबते आणि तुरीची मुळे कुजण्याचा धोका असतो. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर ती जोरात फसफसली, तर चुनखडी जास्त आहे असे समजावे; अशा रानात भुईमूग लोहाच्या कमतरतेने पिवळा पडतो. उतार, दगडगोट्यांचे प्रमाण आणि चोपणपणा (सोडियममुळे माती चिकट व घट्ट होणे) हेही आम्ही नोंदवतो.

या नोंदींवरून प्रत्येक पिकासाठी जमिनीचा वर्ग ठरतो : अत्यंत योग्य, मध्यम योग्य, जेमतेम योग्य किंवा अयोग्य. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९७६ मध्ये मांडलेल्या आराखड्यावर ही वर्गवारी बेतलेली आहे. वर्ग ठरवताना आम्ही सर्वांत कमकुवत गुण धरतो, कारण सामू कितीही उत्तम असला तरी तो उथळ मातीची उणीव भरून काढू शकत नाही. एकाच गट क्रमांकाच्या जमिनीत वरची बाजू मुरमाड आणि बांधाकडची बाजू भारी असेल, तर दोन्हींचे अहवाल वेगळे देतो. तिथे एकच पीक पेरण्याचा आग्रह धरू नये, अशी आमची विनंती आहे.

तपासणी रब्बीची काढणी झाल्यावर, उन्हाळ्यात करावी. सातबारा उतारा, गटाचा नकाशा आणि मागील तीन वर्षांतील पिके व खते यांची माहिती सोबत असावी. मातीचा नमुना आपण स्वतः आणणार असाल, तर झाडाखालची, बांधालगतची आणि शेणखताच्या ढिगाजवळची जागा टाळावी. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घ्यावी, सावलीत वाळवावी आणि नीट मिसळून त्यातील अर्धा किलो आणावी. खड्डा घेण्याच्या दिवशी मात्र आपण शेतावर हजर असावे, कारण तो बुजवण्याआधी आपल्या मातीचे थर आपण स्वतः आत उतरून पाहावेत, असा आमचा आग्रह असतो.