आखूड दांड्याची कुदळी: कॅलिफोर्नियातल्या स्थलांतरित शेतमजुरांची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियाच्या शेतांत आधी चिनी मजूर राबले, नंतर जपानी आणि फिलिपिनो, आणि पुढे प्रामुख्याने मेक्सिकन. महायुद्धामुळे माणसं कमी पडू लागली तेव्हा १९४२ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात मजूर-करार झाला. १९६४ पर्यंत त्याखाली सुमारे ४६ लाख कंत्राटं झाली. राहायची सोय आणि ठरलेली मजुरी कागदावर होती, पण कंत्राट एकाच मालकाशी बांधलेलं असल्यामुळे तक्रार करणाऱ्याला घरी धाडणं सोपं होतं. भरतीकेंद्रांवर तर मजुरांच्या अंगावर डीडीटी हे कीटकनाशक फवारत.

या काळाची खूण म्हणजे आखूड दांड्याची कुदळी. दांडा जेमतेम दोन फुटांचा. लेट्यूस (सॅलडची पालेभाजी) आणि बीटची विरळणी करताना दिवसभर कमरेत वाकूनच सरीतून पुढे सरकायचं. बागायतदार म्हणत, लांब दांड्याने रोपं तुटतील, काम रेंगाळेल. मुकादमाची सोय मात्र उघड होती: ताठ उभा दिसला तो थांबलेला, हे लांबूनही कळायचं. वर्षानुवर्षं असं वाकून अनेकांचे मणके कायमचे झिजले.

बंदीची मागणी राज्याच्या सुरक्षा यंत्रणेपुढे गेली आणि १९७३ मध्ये फेटाळली गेली. कारण काय, तर नियमात ‘असुरक्षित हत्यारा’ला मनाई आहे, आणि कुदळी मोडकी किंवा सदोष नाही! म्हणजे पातं धड असलं की झालं, पाठ मोडली तरी हरकत नाही. डॉक्टरांची साक्ष समोर असताना इतका कोता अर्थ काढणं मला अक्षम्य वाटतं. जानेवारी १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला: हत्यार ज्या रीतीने वापरावं लागतं त्यातून इजा होत असेल, तर तेही असुरक्षितच. त्याच वर्षी बंदी आली. लांब दांड्यानेही लेट्यूस पिकत राहिला.

पळवाट मात्र उरली. कुदळी गेली तरी वाकून हाताने तण उपटायला लावणं चालूच होतं. त्यावर निर्बंध यायला २००४ उजाडलं, आणि त्यातूनही सेंद्रिय शेतीला सूट मिळाली. उन्हात सावली, पाणी आणि विश्रांती देण्याचा नियम २००५ चा. दिवसाला आठ तासांनंतर जादा वेतन देण्याचा कायदा २०१६ चा, तोही टप्प्याटप्प्याने लागू झालेला.

१९८६ पासूनच्या हंगामी शेतमजूर व्हिसात मालकाने फुकट निवारा द्यायचा असतो. पण व्हिसा पुन्हा त्याच मालकाशी बांधलेला. नोकरी गेली की राहायची जागा जाते, आणि देशात थांबायचा आधारही धोक्यात येतो.