अनोळखी माणूस आणि आपले चुकणारे अंदाज

लिफ्टचं दार बंद झालं की आतल्या चौघांच्या नजरा एकाच जागी खिळतात, दारावर बदलत जाणाऱ्या मजल्यांच्या आकड्यांवर. त्या आकड्यांत वाचण्यासारखं काहीच नसतं. तरी कुणी मान वळवत नाही, कारण बाकीच्या तिघांना बोलायचं नाहीये अशी प्रत्येकाची खात्री असते. त्या तिघांचीही तीच.

ही खात्री कितपत खरी, हे शिकागोत तपासून पाहिलं गेलं. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या मानसशास्त्रज्ञांनी रोज ट्रेनने कामाला जाणाऱ्या लोकांचे, कुठलीही निवड न करता, तीन गट पाडले. एका गटाने शेजारच्या अनोळखी प्रवाशाशी गप्पा मारायच्या. दुसऱ्याने कुणाशीही न बोलता आपल्याच विचारात राहायचं. तिसऱ्याने नेहमीसारखा प्रवास करायचा. उतरल्यावर प्रवास कसा झाला ते फॉर्मवर लिहून पाठवायचं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गप्पा मारणाऱ्यांचा प्रवास सगळ्यांत मजेत झाल्याचं दिसलं.

खरी गंमत पुढे आहे. त्याच मार्गावरच्या दुसऱ्या काही प्रवाशांना, प्रत्यक्ष काहीच करायला न लावता, नुसतं विचारलं की यातला कुठला प्रवास तुम्हाला सुखाचा वाटेल? त्यांचं उत्तर नेमकं उलटं आलं: एकटं बसण्यातच सुख. आपण बोलायला गेलो तर निम्म्याहून कमी लोक दाद देतील, असाही लोकांचा अंदाज होता. ज्यांनी खरोखर बोलायला सुरुवात केली, त्यांच्यापैकी एकानेही झिडकारलं गेल्याचं लिहिलं नाही.

सकारात्मक दृष्टिकोनाबद्दल सकाळी सकाळी मोबाइलवर येणारे सुविचार मला फारसे पटत नाहीत ते इथेच. त्यांचा सूर असा असतो, की जग आहे तसं वाईटच आहे, तुम्ही मात्र मन घट्ट करून चांगलं बघा. पण वरच्या प्रयोगातल्या प्रवाशांना मन घट्ट करावं लागलं नाही. माणसांबद्दलचा त्यांचा अंदाज मुळातच वास्तवापेक्षा काळा होता आणि गाठ पडल्यावर तो दुरुस्त झाला, एवढंच.

अंदाज आणि अनुभव यांतल्या फरकाकडे मेंदू बारकाईने लक्ष देतो, हे मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून कळलं. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामाइन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी जोरात सक्रिय होत. रसाच्या आधी ठरावीक इशारा द्यायला लागल्यावर पेशी त्या इशाऱ्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या आणि अपेक्षेप्रमाणे आलेल्या रसाला त्या जवळपास थंडच राहिल्या. इशारा होऊन रस मिळालाच नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही मंदावे. म्हणजे शिकणं घडतं ते अपेक्षा चुकते तिथे. माकडाच्या रसावरून थेट माणसांच्या गप्पांवर उडी मारणं धाडसाचं आहे, तरी एक गोष्ट उघड दिसते. जो बोलायलाच जात नाही, त्याचा अंदाज चुकायची वेळच येत नाही. मग तो सुधारणार कुठून?

वाईट अनुभव मात्र न मागता शिकवून जातो. रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र मांडून दाखवलं, की चांगल्या घटनेपेक्षा वाईट घटना मनावर जास्त खोल उमटते. दिवसभरात दहा जण नीट वागले आणि एक जण खेकसला, तर रात्री आठवतो तो खेकसणारा. धोका ओळखून जगलेल्या पूर्वजांना याचा फायदाच झाला असेल. रांगेत उभ्या असलेल्या आपल्याला त्याचा उपयोग कमी आणि मनस्ताप जास्त.

त्यात स्वतःबद्दलचा संशय असतोच. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात अनोळखी माणसांच्या जोड्या काही मिनिटं बोलल्या. नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं, तर दोघांनाही वाटत होतं, समोरचा मला जेवढा आवडला तेवढा मी काही त्याला आवडलो नसेन. दोघंही एकाच वेळी बरोबर असूच शकत नाहीत! वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांमध्ये हा गैरसमज काही महिने टिकून होता.

या क्षेत्रातलं सगळंच डोळे मिटून मान्य करू नये, हेही सांगायला हवं. छोट्याशा आनंदाने माणूस इतरांच्या मदतीला जास्त धावतो का, हे पाहायला १९७२ मध्ये ॲलिस आयसेन आणि पॉला लेव्हिन यांनी सार्वजनिक टेलिफोन बूथमध्ये काही जणांसाठी मुद्दाम एक नाणं राहू दिलं. बूथबाहेर एका बाईच्या हातातले कागद पडत. नाणं सापडलेल्या १६ जणांपैकी १४ जणांनी कागद उचलून दिले, न सापडलेल्या २५ पैकी फक्त एकाने. निकाल इतका देखणा होता की तो पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला, पण पुढे इतरांनी तसेच प्रयोग करून पाहिले तेव्हा तो मिळाला नाही. ट्रेनमधल्या गप्पांचा निकाल पुढे लंडनच्या प्रवाशांमध्येही दिसला, म्हणून त्यावर मी जास्त विसंबतो. तोही लोकांनी स्वतःच दिलेल्या उत्तरांवर उभा आहे, आणि ज्याला खरोखर त्रास द्यायचाय असा माणूस भेटला तर सावध राहण्याला पर्याय नाही.

मग अंदाज सुधारतो किती दिवसांत? जिलियन सँडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी यासाठी एक खेळ तयार केला. त्यांचा अभ्यास २०२२ मध्ये आला. मोबाइलवर रोज कामगिरी मिळे: कलाकार वाटणारी व्यक्ती शोधा, लक्ष वेधून घेणारे बूट घातलेला माणूस शोधा आणि त्याच्याशी बोला. दुसऱ्या गटाने अशी माणसं फक्त शोधायची, बोलायचं नाही. आधीच्या अभ्यासांत एखाददुसऱ्या संभाषणाने भीती फारशी हटली नव्हती. इथे आठवडाभर रोज बोलणाऱ्यांचा 'लोक मला टाळतील' हा अंदाज उतरत गेला, आपल्याला बोलणं जमतं हा भरवसा वाढला आणि खेळ संपल्यावर आठवड्याने विचारलं तेव्हाही फरक टिकून होता. नुसतं बघून पुढे जाणाऱ्यांच्या भीतीत तेवढी घट झाली नव्हती.