लिपाती, दिनू

लिपाती, दिनू : (1 एप्रिल 1917 – 2 डिसेंबर 1950). रूमानियन पियानोवादक व संगीतरचनाकार. पूर्ण नाव कॉन्स्टंटिन लिपाती. जन्म बूखारेस्ट येथे. काही ग्रंथांत जन्मदिनांक 19 मार्च असा आढळतो. रूमानियाने ग्रेगोरियन कालगणना 1919 मध्ये स्वीकारली, त्यामुळे तो जुन्या कालगणनेतला असावा आणि दोन्ही तारखा बहुधा एकाच दिवसाच्या असाव्यात. येथे नवी तारीख ग्राह्य धरली आहे.

वडील व्हायोलिनवादक, आई पियानोवादक, तर थोर संगीतकार जॉर्जे एनेस्कू त्याचा धर्मपिता (बाप्तिस्म्याच्या वेळचा मानलेला पिता). फ्लोरिका मुझिचेस्कू हिच्याकडे तो पियानो शिकला व मिहाइल झोरा याच्याकडे रचनाशास्त्र. 1933 च्या व्हिएन्ना येथील स्पर्धेत त्याला दुसरे पारितोषिक मिळाले. निर्णय न पटल्याने परीक्षक आल्फ्रे कोर्तो याने राजीनामा दिला आणि लिपातीला पॅरिसला बोलावून घेतले. तेथे कोर्तोखेरीज पॉल द्यूका व नादिया बूलांझे यांचे मार्गदर्शन त्याला लाभले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, त्याने मायदेश सोडला व तो जिनीव्हात स्थायिक झाला. 1944 पासून तो तेथील संगीतविद्यालयात प्राध्यापक होता. हॉजकिन रोगाने (लसीका ग्रंथींच्या कर्करोगाने) त्याच्या मैफली वारंवार रद्द होऊ लागल्या. तरीही ध्वनिमुद्रिकांचा निर्माता वॉल्टर लेग याच्या आग्रहाने ग्रीगचा कॉन्चेर्टो (एकल वाद्य व वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना; 1947) व कारायानच्या संचालनाखाली शूमानचा कॉन्चेर्टो (1948) ध्वनिमुद्रित झाले. कॉर्टिझोन या औषधाच्या उपचाराने तात्पुरता आराम पडताच जुलै 1950 मध्ये जिनीव्हात बाखचा पहिला पार्टिटा (नृत्यरचनांची मालिका), मोझार्टचा ए मायनर सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना) व शोपँचे 14 वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या नृत्यतालातील रचना) मुद्रित करण्यात आले. त्याच्या कीर्तीचा मुख्य आधार हीच मुद्रणे होत. प्रत्येक स्वरपंक्ती स्वतंत्रपणे ऐकू यावी इतकी स्वच्छ मांडणी आणि पेडलचा संयत वापर हे गुण त्यांत ठळक आहेत.

शोपँच्या ई मायनर कॉन्चेर्टोचे प्रकरण मात्र सविस्तर सांगणे भाग आहे. 1960 च्या दशकाच्या मध्यास ईएमआय कंपनीने या कॉन्चेर्टोची एक ध्वनिमुद्रिका लिपातीच्या नावाने प्रसिद्ध केली व ती वर्षानुवर्षे त्याचीच म्हणून वाखाणली गेली. 1981 मध्ये ती बीबीसीवरून प्रसारित झाल्यावर एका श्रोत्याला पोलिश पियानोवादक हालिना चेर्नी-स्तेफान्स्का हिच्या मुद्रणाशी तिचे साम्य जाणवले. चेर्नी-स्तेफान्स्का ही 1949 च्या शोपँ स्पर्धेतील संयुक्त विजेती होती. वाक्‌लाव स्मेटाचेक याच्या संचालनाखाली चेक फिलहार्मॉनिकसह झालेले तिचे हे मुद्रण सुप्राफोन या चेक कंपनीने पूर्वीच काढले होते. तुलनेअंती दोन्ही एकच ठरली. पुढे लिपातीच्या झुरिक येथील 7 फेब्रुवारी 1950 च्या मैफलीचे, ओटो अकरमानच्या संचालनाखालील मुद्रण प्रकाशात आले आणि तेच आता अस्सल मानले जाते. जुन्या ध्वनिमुद्रिकेवर बेतलेली ‘लिपाती शैली’ची वर्णने त्यामुळे जपूनच वाचावीत. केवळ कानाच्या भरवशावर वादकाची ओळख ठरवणे किती धोक्याचे असते, याचा याहून ठोस पुरावा ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

16 सप्टेंबर 1950 रोजी फ्रान्समधील बझांसाँ येथे त्याची अखेरची जाहीर मैफल झाली. बाख, मोझार्ट व शूबर्ट यांच्यानंतर त्याने स्वतः लावलेल्या क्रमाने शोपँचे वॉल्ट्झ वाजवले. तेरा झाले, पण चौदाव्यासाठी ताकद उरली नाही. त्याऐवजी ब्रिटिश पियानोवादक मायरा हेसने पियानोसाठी रूपांतरित केलेले बाखचे एक कोरालगीत त्याने वाजवले, असे सांगतात. प्रकाशित मुद्रणात ते नाही, त्यामुळे हा तपशील आठवणींवरच आधारलेला आहे. तथापि तो अविश्वसनीय मानण्याचे कारण दिसत नाही. पुढे अडीच महिन्यांनी जिनीव्हा येथे त्याचे निधन झाले.

त्याचा वादनसंग्रह मर्यादित होता, हा समज प्रामुख्याने ध्वनिमुद्रिकांच्या अल्प संख्येतून रूढ झाला असावा. मैफलींत तो त्याहून बरेच अधिक वाजवत असे. रचनांपैकी अभिजात शैलीतील कॉन्चेर्टिनो (छोटा कॉन्चेर्टो; 1936) व केवळ डाव्या हातासाठीची सोनाटिना (छोटा सोनाटा; 1941) या उल्लेखनीय आहेत. रूमानियन अकादमीने 1997 मध्ये त्याला मरणोत्तर सदस्यत्व दिले.