टेप गेली, डिस्क आली: सांगलीच्या पेढ्यांवरच्या बॅकअपची पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या अडत पेढीवर आज बॅकअप, म्हणजे डेटाची राखीव प्रत, विचारला, तर दिवाणजी टेबलाच्या खणातून यूएसबी हार्डडिस्क काढतात. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर काही वर्षं, जिथं सर्व्हर असे तिथं हे काम बहुधा डॅट टेपकडे, म्हणजे चुंबकीय फितीच्या छोट्या कॅसेटकडे, होतं. ही फीत 4 मिलिमीटर रुंदीची, तिची कॅसेट काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. सोनी आणि एचपी यांनी 1989 मध्ये आवाजाच्या डॅट कॅसेटवरून डेटासाठी डीडीएस हा प्रकार काढला. 1996 च्या डीडीएस-3 मध्ये 12 जीबी मावत. वेष्टनावर मात्र 24 छापलेलं असे, कारण डेटा दाबून निम्मा होईल असं कंपनी गृहीत धरी. आधीच झिप केलेल्या फाइल आणि स्कॅन केलेली बिलं दाबली जात नाहीत, त्यामुळे 12 च्या पुढे गाडी सरकत नसे आणि रात्री दुसरी टेप मागून काम अडून बसे.

खरी अडचण जागेची नव्हती, परत वाचण्याची होती. या ड्राइव्हमध्ये फिरत्या ड्रमवरचं लिहिणारं-वाचणारं हेड फितीवर तिरक्या रेघा ओढतं. हेडचा कोन किंचित ढळला, तरी ड्राइव्ह स्वतः लिहिलेलं बिनचूक वाचतो आणि व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं ताडून पाहणं, पास होतं. मग एक दिवस तो ड्राइव्ह जळतो, दुसरा आणावा लागतो, आणि वर्षभराच्या टेपा त्याला वाचता येत नाहीत. त्यात यार्डातली धूळ. आठवड्याला क्लीनिंग कॅसेट फिरवली नाही तर हेड माखतं. जुना संगणक डेटा हळू पुरवत असेल, तर फीत थांबते, मागे जाते, पुन्हा धावते. वेळही जातो आणि फीतही झिजते.

डिस्क जिंकली ती मुख्यतः वेगावर. डीडीएस-3 चा वेग सेकंदाला साधारण 1 एमबी, म्हणजे 10 जीबी परत आणायला पावणेतीन तास. शिवाय एकच फाइल हवी असली तरी फीत तिथपर्यंत पळवायची. यूएसबी 2.0 ची डिस्क सेकंदाला 30 एमबीच्या आसपास देते. तेच काम साधारण सहा मिनिटांत. टेप ड्राइव्ह जोडायला लागणारं एससीएसआय कार्ड नको, त्याच्या वायरीच्या टोकाचा टर्मिनेटर नको, कुठल्याही संगणकाला लावली की फाइल दिसते. पुढे विंडोज सर्व्हर 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टनं एनटीबॅकअप हे बॅकअपचं जुनं साधन काढलं आणि त्याच्या जागी आलेल्या साधनातून टेपची सोयच वगळली. छोट्या कार्यालयापुरता प्रश्न तिथंच मिटला. एलटीओ ही टेपची दुसरी, मोठी जात 2000 पासून आहे, 2021 च्या एलटीओ-9 मध्ये 18 टीबी मावतात आणि कॅसेट जागेच्या हिशेबानं स्वस्तही पडते. पण नवा ड्राइव्ह लाखांत जातो. ज्या पेढीचा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला सगळा डेटा दोन-चार जीबी आहे, तिनं त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

टेपबरोबर एक सवय मात्र गेली, आणि तिची किंमत सांगलीत मोजावी लागते. टेप भरली की बाहेर काढावीच लागे, आणि काढलेली कॅसेट घरी न्यायची पद्धत होती. डिस्क लावलेलीच राहते. 2013 च्या क्रिप्टोलॉकरपासून रॅन्समवेअर (खंडणीसाठी फाइली अडवणारा व्हायरस) जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलही कुलूपबंद करतं; सर्व्हर आणि बॅकअप एकाच रात्री जातात. रेड लावलेल्या, म्हणजे एकाच वेळी तेच लिहिणाऱ्या, दोन डिस्कही इथं कामाच्या नाहीत, चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच पुसली जाते. आणि पूर. 2005 च्या पुरात सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं (साठवणीचे जमिनीतले खड्डे) गेली. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 45. पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा संगणकाशेजारच्या खणातल्या डिस्कचा उपयोग शून्य.

म्हणून दोन डिस्क घ्याव्यात आणि त्यांच्यावर ‘अ’ आणि ‘ब’ लिहावं. एक पेढीवर, दुसरी विश्रामबाग किंवा मिरजेच्या उंच भागातल्या घरी. दर शनिवारी अदलाबदल. डिस्क एनटीएफएस या पद्धतीनं फॉरमॅट करावी, जुन्या एफएटी32 पद्धतीवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. बॅकअपआधी सगळ्या टेबलांवरची टॅली बंद करावी. कोणी व्हाउचर टाकत असताना फोल्डर कॉपी केला तर अर्धवट फाइल येते आणि ते कळतं रिस्टोअरच्या, म्हणजे प्रत परत भरण्याच्या, वेळी. काम झालं की ‘सेफली रिमूव्ह’ करून वायर काढावी. लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइलीच नव्हे, फोल्डरची यादीही बिघडू शकते, तेव्हा सर्व्हर यूपीएसवर हवा. डिस्क पडली की गेली असं समजावं, चालत असली तरी.

महिन्यातून एकदा रिस्टोअर करून बघावं, पण नव्या रिकाम्या फोल्डरात. चालू कंपनीच्या फोल्डरवरच रिस्टोअर केलं तर आजचा डेटा जाऊन जुना बसतो. मग डे बुकमधला शेवटचा व्हाउचर नंबर आणि ट्रायल बॅलन्सची बेरीज, दोन्ही बॅकअपच्या दिवशी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून पाहावी. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने ठेवाव्या लागतात, त्यामुळे मार्चअखेरची प्रत या अदलाबदलीत घालू नये. ती तिसऱ्या डिस्कवर घ्यावी, वर वर्ष लिहावं, आणि अधूनमधून लावून वाचून पाहावी. वर्षानुवर्षं पडून राहिलेली डिस्क कधीकधी फिरतच नाही.