पाणी जळत नाही, पण झळाळतं

मीठ किंवा सोडा घातलेल्या पाण्यात दोन तारा बुडवायच्या, वीज सोडायची, की एका तारेच्या टोकाशी लख्ख पिवळा-नारिंगी प्रकाश दिसू लागतो. असे व्हिडिओ अधूनमधून फिरतात आणि खाली हमखास लिहिलेलं असतं, 'पाण्यापासून इंधन!' दृश्य खरं असतं, दावा खोटा. पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन, त्यामुळे ते पुन्हा जळून ऊर्जा देऊ शकत नाही. दिसतो तो प्लाझ्मा, आणि त्याची सगळी ऊर्जा तारांमधून आलेली असते. पाण्यावर गाडी चालवल्याचा दावा करणाऱ्या स्टॅन्ली मायर यांनी गुंतवणूकदारांची फसवणूक केली, असा निकाल ओहायोच्या न्यायालयाने 1996 मध्ये दिला. तरीही ही भूल उतरत नाही. मला वाईट वाटतं ते याचं, की असल्या थापांमागे एक विलक्षण सुंदर भौतिकी झाकली जाते.

प्लाझ्मा म्हणजे अणू-रेणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. पाण्याच्या वाफेतल्या रेणूचा इलेक्ट्रॉन तोडायला सुमारे 12.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट (म्हणजे एका इलेक्ट्रॉनला 12.6 व्होल्टच्या दाबातून धावताना मिळते तेवढी) ऊर्जा लागते. ती मिळवायची तर आधीच सुट्या असलेल्या एखाद्या इलेक्ट्रॉनला विद्युतक्षेत्रात काही अंतर विनाअडथळा धावता आलं पाहिजे. द्रवात ते जमत नाही. भर गर्दीत धावू पाहणाऱ्या माणसासारखा तो पावलोपावली धडकतो आणि कमावलेली ऊर्जा तिथेच घालवतो. म्हणून हवेत ठिणगी पडायला मिलिमीटरमागे साधारण 3 हजार व्होल्ट पुरतात, तर थेट पाण्यात त्यासाठी लाखभर व्होल्टची भाषा करावी लागते.

यावरचा एक तोडगा मला फार आवडतो. एका पट्टीवर द्रवासाठी बारीक नाली कोरायची आणि मधोमध तिचा गळा आवळायचा. समजा नाली 1 मिलिमीटर रुंद आहे आणि गळा 0.1 मिलिमीटर, खोली दोन्हीकडे सारखीच. प्रवाह तोच, पण गळ्यात त्याची घनता दहापट. उष्णता घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तेवढ्याच द्रवात शंभरपट! टोकांना हजारेक व्होल्ट दिले की नालीतलं बाकीचं पाणी फारसं तापायच्या आत गळ्यातलं उकळतं. वाफ पाण्याच्या सुमारे 1,600 पट जागा व्यापते, त्यामुळे तिथे बुडबुडा फुगतो आणि गळा बंद करतो.

आता बघा काय होतं. पाण्यातला आम्लाचा किंवा क्षाराचा अंश वीज वाहून नेत होता, वाफ नेत नाही. आतापर्यंत सगळ्या नालीभर वाटला गेलेला विद्युतदाब एकदम त्या एवढ्याशा बुडबुड्यावर येऊन पडतो. फट इतकी अरुंद असली की मघाचा हवेचा हिशेब जसाच्या तसा चालत नाही, कारण टकरींची साखळी (एक इलेक्ट्रॉन धडकून दुसऱ्याला सोडवतो, मग ते दोघे आणखी दोघांना) वाढायला अंतर कमी पडतं. पण वाफ तापून विरळ झालेली असते, त्यामुळे दोन टकरींमध्ये इलेक्ट्रॉनला जास्त लांब धावता येतं आणि तेवढ्याच क्षेत्रात तो जास्त ऊर्जा कमावतो. एकाचे दोन, दोनाचे चार होत साखळी धरते आणि बुडबुडा आतून उजळतो. हा खेळ काही मिलिसेकंदांचा. धातूचा इलेक्ट्रोड प्लाझ्माला शिवतसुद्धा नाही. दोन्ही बाजूंचं पाणीच इलेक्ट्रोडचं काम करतं.

त्या उजेडात पाण्यात काय विरघळलंय ते वाचता येतं. तो रंगांमध्ये विभागला की प्रत्येक मूलद्रव्याची आपल्या ठरावीक तरंगलांबीची रेघ दिसते. हायड्रोजन 656 नॅनोमीटरची लाल रेघ देतो, सोडियम 589 ची पिवळी. व्हिडिओतली 'ज्वाळा' पिवळी का, याचं उत्तर इथे आहे: मीठ आणि सोडा, दोन्हींत सोडियम असतं. शिसं 405.8 ला जांभळी रेघ देतं, कॅडमियमची 228.8 ची रेघ डोळ्यांना दिसत नाही, पण उपकरणाला दिसते. बुन्सेन आणि किर्खहॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1860 मध्ये झऱ्याच्या खनिजयुक्त पाण्यातून सीझियम हे मूलद्रव्य शोधलं ते अशाच रेघांवरून, ज्योत वापरून. आज प्रयोगशाळेतली मोठी यंत्रं याच कामासाठी मिनिटाला दहा-पंधरा लिटर आरगॉन वायू आणि किलोवॉटभर शक्ती घेतात. बुडबुड्याला आरगॉन लागत नाही आणि नमुना थेंबभर पुरतो, म्हणून हातात मावणारं उपकरण करता येतं.

ठिणगी आणि पाणी यांची गाठ तशी जुनी आहे. गुबकिन नावाच्या संशोधकांनी 1887 मध्ये द्रावणाच्या पृष्ठभागावर प्लाझ्मा पाडून चांदीच्या क्षारातून चांदी वेगळी केली होती. 1980 मध्ये म्युनिकला रुग्णाच्या मूत्रपिंडातला खडा पहिल्यांदा शरीराबाहेरून फोडला, तोही पाण्याखालच्या ठिणगीतून निघालेल्या धक्कालहरींनी.

घरी मात्र हा प्रयोग कुणीही करू नये. खारं पाणी आणि शेकडो व्होल्ट ही जोडी जीव घेते, शिवाय प्रकाशात अतिनील किरणं असतात.

अडचणी आहेतच. प्रत्येक बुडबुडा थोडा वेगळा फुगतो, त्यामुळे उजेड कमीजास्त होतो आणि विजेच्या पुष्कळ स्पंदांची (झटक्यांची) सरासरी काढावी लागते. प्लाझ्मा गळ्याच्या भिंतीही झिजवतो. गळा रुंदावला की प्रवाहाची घनता घटते, उष्णता वर्गाच्या हिशेबाने कमी होते आणि आधीची मोजमापं नव्या मोजमापांशी जुळेनाशी होतात. पिण्याच्या पाण्यात शिशासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. इतकी कमी मात्रा खात्रीने मोजायची, तर तो गळा वापरागणिक तसाच्या तसा राहायला हवा. म्हणून प्लॅस्टिकऐवजी क्वार्ट्झच्या पट्टीत नाली कोरतात.