मेंदूविज्ञानाधारित प्रशिक्षण कार्यशाळा

स्मृती, अवधान आणि झोप यांवरील संशोधनाच्या आधारे आखलेले व्यावसायिक प्रशिक्षण. सभागृहात किती शिकवले यापेक्षा महिन्याभराने कामावर काय आठवते, याला त्यात महत्त्व असते. यातले बहुतेक नियम मेंदूच्या स्कॅनमधून नव्हे, मानसशास्त्राच्या प्रयोगांतून आले आहेत. माहितीपत्रकात मात्र ‘मेंदू’ हा शब्द जास्त खपतो.

पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्या दिवसातच विसरला जातो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवले. कार्यस्मृतीत, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, एका वेळी जेमतेम चार नवे घटक मावतात, असा मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांचा निष्कर्ष आहे (२००१). म्हणून एका सत्रात एकच कृती शिकवतात.

सांगली जिल्ह्यातील तासगाव भागातल्या बेदाणा उत्पादकांचे उदाहरण घेता येईल. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल (द्राक्षे लवकर सुकावीत म्हणून वापरायचे तेल), द्राक्षे २ ते ४ मिनिटे बुडवणे, मग शेडमधल्या जाळीवर पसरणे, एवढेच वीस मिनिटांत सांगावे. नंतर फळा पुसून कोरा कागद द्यावा: २०० लिटरच्या बॅरलला काय किती लागेल? उत्तर ५ किलो आणि ३ लिटर. २५ आणि १५ ची अदलाबदल झाली असेल, तर तिथल्या तिथे दुरुस्त करावी. नाहीतर चूकच पक्की होते. मग प्रत्येकाने स्वतःच्या हाताने द्रावण करावे. तोच प्रश्न दोन दिवसांनी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा, पण सोबत उत्तर देऊ नये. बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो. त्यामुळे जानेवारीतली कार्यशाळा पावसाळ्यातल्या कार्यशाळेपेक्षा उपयोगी.

झोपेत हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला स्मृतीशी संबंधित भाग दिवसभराचे अनुभव पुन्हा उजळतो. त्यामुळे सलग एका दिवसापेक्षा लागोपाठचे दोन अर्धे दिवस बरे. सहा वक्ते आणि जेवणानंतर अंधारात स्लाइड, ही नेहमीची आखणी इथेच फसते.

कार्यशाळा संपताच भरून घेतलेले अभिप्रायाचे कागद फसवे असतात. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात मजकूर पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्याने मात्र न पाहता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. ज्या सत्रात आठवताना डोके शिणते, त्याला संध्याकाळी कमी गुण मिळू शकतात.

‘डावा मेंदू, उजवा मेंदू’ अशी माणसांची विभागणी किंवा ‘पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे’ अशा गटांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही. त्यासाठी प्रश्नावली भरून घेण्यात अर्धा तास घालवू नये.